गुणगौरव सोहळ्यात टॉपर सोडून बाकीच्या लेकरांना कसं आणायचं?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर नवीन लागलात, हेडसरांनी यंदा गुणगौरवाचं काम तुमच्यावर टाकलंय, आतापर्यंत दहावीचे पहिले तीन आणि नव्वदच्या वरचे एवढ्यांनाच स्टेजवर बोलवायची पद्धत, खेळातली, चित्रकलेतली, विज्ञान प्रदर्शनातली लेकरं खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात, आणि तुम्हाला हे बदलायचंय पण पैसा कमी, वेळ कमी आणि हेडसर म्हणायलेत की सगळ्यांनाच बक्षीस दिलं तर बक्षिसाला किंमत काय राहिली. मी बीड जिल्ह्यात विज्ञान शिकवते, सांस्कृतिक विभाग बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडंच आहे, त्यामुळं जे करून बघितलंय तेच सांगते, लांबलं तर वाचून घ्या.

आधी कार्यक्रमाचा विचार बाजूला ठेवा. मंडप, साउंड, हार-तुरे हे दोन दिवसात जमतं. जमत नाही ती यादी. टॉपरची यादी बोर्डच करून देतं, निकालाच्या दिवशी दुपारी टक्क्यांसकट नावं हातात, आपल्याला काही करावं लागत नाही. पण कोणती पोरगी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन खो-खोच्या मैदानावर फक्की मारते, कोण नववीत असून पाचवीच्या लेकरांना मधल्या सुट्टीत वाचायला शिकवतंय, कुणाच्या मॉडेलला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर नाही आला पण परीक्षक तिथंच थांबून प्रश्न विचारत राहिले, याची यादी कुणी करून देत नाही. जूनमधे आठवायला बसलं की सगळ्या स्टाफरूमला तीच चार-पाच नावं आठवतात, वक्तृत्ववाली, बोलकी, जी आधीच सगळ्यांना माहिती असतात. बाकीची राहून जातात आणि त्यात कुणाचा आकस नसतो, लिहून ठेवलेलं नसतं एवढंच कारण.

म्हणून वही करा. साधी दोनशे पानी वही, स्टाफरूमच्या टेबलावर, दोरीनं पेन बांधलेला. प्रत्येक वर्गाला काही पानं. तारीख, लेकराचं नाव, काय केलं ते एका ओळीत, आणि बघितलं कुणी त्याचं नाव. एवढंच. ग्रेड नको, मार्क नको, कॉलम वाढवले की कुणी लिहीत नाही हे मी पक्कं सांगते. आणि ही वही फक्त शिक्षकांची ठेवू नका, शिपाई मामा, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, लॅब असिस्टंट, एसटीचे ओळखीचे कंडक्टर यांना लेकरं आपल्यापेक्षा वेगळी दिसतात. आमच्याकडं एका वर्षी नववीतल्या मुलाची सगळ्यात चांगली नोंद शिपाई मामांनी सांगितली होती, हा मुलगा रोज सुटल्यावर वर्गातले पंखे-लाईट बंद करतो आणि पाण्याच्या टाकीचा नळ गळायचा तो यानंच घरून टेप आणून बांधलाय. वर्गात हा मुलगा कधी हात वर करत नाही, माझ्या विषयात काठावर पास, मला तरी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही माहितीच नव्हतं.

दर महिन्याच्या शेवटी वही उघडून बघायचं, कोणत्या लेकराच्या नावापुढं काहीच नाही. ही बघण्याची सवय सगळ्यात महत्त्वाची आहे. डिसेंबरपर्यंत एखाद्या नावापुढं पान कोरंच असेल तर वर्गशिक्षकाला सांगायचं की पुढचे पंधरा दिवस या लेकराकडं जरा लक्ष द्या, काय करतंय, कशात रमतंय. तुमच्या हेडसरांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथंच आहे. सगळ्यांना बक्षीस वाटायचं नाहीच, घडलेल्या गोष्टीलाच दाद द्यायची, फक्त बघणारे डोळे वाढवायचे. खोटं कौतुक लेकरांना लगेच कळतं, दहावीतल्या पोरांना तर जास्तच, त्यांना 'उत्कृष्ट विद्यार्थी' म्हणून एकसारखं प्रमाणपत्र वाटलं तर ते घरी जाईपर्यंत त्याची घडी करून खिशात घालतात.

आता टॉपरबद्दल. माझा टॉपरच्या सत्काराला विरोध बिलकुल नाही, ज्यानं वर्षभर अभ्यास केला त्याचं कौतुक झालंच पाहिजे, आणि आपल्या मराठवाड्यात तर लातूर पॅटर्नमुळं, म्हणजे लातूरच्या शाळा-कॉलेजांच्या भरपूर मार्क मिळवून देणाऱ्या तयारीच्या पद्धतीमुळं, मार्कांना जो मान आहे तो कष्टानं कमावलेला आहे. पण आकडे पूर्ण बघायला पाहिजेत. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात १०० टक्के मिळवणारे २११ विद्यार्थी होते, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले आणि ४० छत्रपती संभाजीनगर विभागातले. म्हणजे आपल्या दोन विभागांनीच १५३ दिले. चौकाचौकात फ्लेक्स लागले आणि लागायलाच पाहिजेत. पण त्याच वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि लातूर विभागाचा ९२.७७, संभाजीनगरचा ९२.८२, नऊ विभागांत आपले दोन विभाग शेवटून दुसरे आणि तिसरे. शंभर टक्केवाले सगळ्यात जास्त आपल्याकडं आणि निकाल राज्याच्या सरासरीच्या खाली. वरच्या टोकाकडं आपण इतकं बघतो की खालची आणि मधली लेकरं दिसेनाशी होतात, असं मला तरी या आकड्यांतून दिसतं.

आणखी एक, हे १०० टक्के होतात कसे? बेस्ट ऑफ फाईव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त गुण पडलेल्या पाच विषयांचेच टक्के, आणि त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड असेल तर ७, बी असेल तर ५, सी ला ३ गुण, शिवाय खेळाचे, लोककलेचे, स्काऊट-गाईडचे, एनसीसीचे. म्हणजे ज्या टॉपरचा आपण सत्कार करतो त्याच्या टक्क्यात चित्रकलेच्या सरांचा आणि पीटीच्या सरांचा वाटा असू शकतो, तरी स्टेजवर नाव येतं फक्त गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांचं. मी स्वतः विज्ञानाची आहे म्हणून हे मोकळेपणानं म्हणू शकते. सूत्रसंचालनात हे एकदा सांगून टाका, ड्रॉइंगच्या सरांचा चेहरा बघा.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे माईकवर वाचायची ओळ. लोक सगळा खर्च ट्रॉफीवर करतात आणि नाव वाचताना 'कबड्डी, तालुकास्तर, प्रथम' एवढं म्हणून पुढं जातात. लेकरू चढतं, पाहुणे हातात ट्रॉफी देतात, फोटो, उतरलं. काय केलं ते कुणालाच कळलं नाही, त्याच्या आईला पण नाही. त्याऐवजी प्रत्येकासाठी दोन वाक्यं लिहून ठेवा आणि तीच वाचा. उदाहरण देते. 'सेमीफायनलला शेवटच्या चढाईला दोन गुण पाहिजे होते, हिनं बोनस घेऊन एक गडी मारला. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं तेव्हा हिच्याच वाड्यातल्या अंगणात टीमनं सराव केला.' किंवा इंग्रजीत पहिल्या चाचणीत वीसपैकी चार पडलेल्या मुलासाठी, 'यानं दिवाळीनंतर रोज एक परिच्छेद लिहून आणला, चुकलेला परत लिहिला, बोर्डाच्या परीक्षेत ऐंशीपैकी त्रेपन्न.' हे ऐकल्यावर खाली बसलेल्या लेकराला कळतं की नेमकं केलं काय, आणि आपल्यालाही जमेल का. 'हुशार', 'गुणी', 'होतकरू', 'शाळेची शान' असले शब्द कितीही वापरा, त्यातून खालच्याला काही मिळत नाही.

याला अभ्यासाचा आधार पण आहे. १९९८ मधे क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना म्हणलं तू हुशार आहेस, काहींना म्हणलं तू मेहनत घेतलीस. पुढं निवड करायला सांगितली तर हुशार म्हणवलेल्या मुलांचा कल सोप्या कामाकडं, आणि मधे अवघड कोडी देऊन अपयश आल्यावर त्यांची पुढची कामगिरी पण घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघडाकडं गेली. आपल्याकडं दहावीला ९५ पडलेलं लेकरू अकरावीत मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीला लातूरला जातं, पहिल्या टेस्टला कमी मार्क पडतात आणि ते एकदम गळून जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याला आपण वर्षभर 'तू तर हुशारच' म्हणून पाठवलेलं असतं. म्हणून टॉपरची ओळ सुद्धा कामाचीच लिहा, किती जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, भूमितीची सिद्धता जमत नव्हती तर कुणाला जाऊन विचारायचा, असं.

ही ओळ लिहायला वेळ लागतो, खरं आहे. पण वही असेल तर निम्मं काम झालेलं असतं, आणि दहावीच्याच मुलींना बसवा लिहायला, त्या आपल्यापेक्षा भारी लिहितात. फक्त वाचायच्या आधी ज्याची ओळ आहे त्याला दाखवून हो म्हणून घ्या. हे चुकवू नका.

कारण याच ठिकाणी चांगल्या मनाची माणसं लेकराला दुखावतात. 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत', 'आई धुणीभांडी करते तरी', 'वडिलांचं छत्र हरपलेलं असताना'. पाहुणे डोळे पुसतात, पालकांत कुजबुज होते आणि ते लेकरू मान खाली घालून उभं. पंधरा वर्षाच्या पोरीला तिच्या मैत्रिणींसमोर तिच्या घरची गरिबी माईकवर ऐकायची नसते. आपल्या बीडकडं निम्म्या वर्गाचे आई-बाप दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, लेकरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्या लेकरानं चार-पाच महिने आई-बापाशिवाय राहून धाकट्या भावाला सांभाळून परीक्षा दिली तर ते मोठंच काम आहे, ते मोठं म्हणायचंच, पण त्याला विचारून, त्याच्या शब्दात. कुणी म्हणतं सांगा मॅडम, कुणी म्हणतं नको. नको म्हणलं की विषय संपला, फक्त त्याचं काम सांगायचं. शिष्यवृत्तीच्या याद्या जातीच्या प्रवर्गासकट वाचायची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती तर ताबडतोब बंद करा.

याच कारणानं मी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करायला लावलं. ते कायम शाळेच्या शेजारी घर असलेल्यांनाच मिळतं. मानव विकासची बस (खेड्यावरच्या मुलींना शाळेत ने-आण करणारी सरकारी योजनेतली बस) आली नाही म्हणून चार किलोमीटर चालत आलेली पोरगी तिसऱ्या तासाला पोचते आणि तिचा खाडा लागतो, कापूस वेचणीत घरच्यांनी आठ दिवस ठेवून घेतलेल्या मुलाचा काय दोष? त्याऐवजी परत आल्यावर ज्यानं बुडालेला अभ्यास भरून काढला त्याला बोलवा, त्याच्यासाठी दोन ओळी लिहा.

सांघिक खेळात सगळी टीम वर पाहिजे. फक्त कॅप्टनला बोलवून ट्रॉफी द्यायची हे मला पटत नाही. खो-खोला मैदानात नऊ असतात पण राखीव खेळाडूंनी पण तेवढाच सराव केलेला असतो, त्यांची नावं पण पूर्ण वाचा, आडनावासकट. एक मिनिट जास्त जातं, जाऊ द्या. आणि आईचं नाव घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापलेलं असतं, मग माईकवर का येत नाही? आमच्याकडं आता 'अमुक आणि अमुक यांची मुलगी' असं दोघांचं नाव घेतो, आणि आई आली असेल तर तिलाच सोबत वर बोलवतो. पहिल्या वर्षी बायका उठायलाच तयार नव्हत्या, पदर तोंडाला लावून बसल्या, आता साडी नेसून पुढच्या रांगेत येऊन बसतात.

कधी घ्यायचा हा दुसरा मोठा मुद्दा. बहुतेक शाळा जुलैत घेतात तोवर दहावीची लेकरं पांगलेली असतात, कुणी लातूरला, कुणी संभाजीनगरला, कुणी पुण्याला भावाकडं कामाला. येतात कोण तर ज्यांना माहिती आहे की आपल्याला बक्षीस आहे. माझं ऐकाल तर दहावीवाल्यांचा कार्यक्रम मूळ गुणपत्रिका वाटपाच्या दिवशी घ्या. ऑनलाईन निकालानंतर दोन-तीन आठवड्यात गुणपत्रिका शाळेत येतात आणि त्या दिवशी गुणपत्रिका आणि टीसी घ्यायला झाडून सगळे येतात, ९६ वाला पण आणि ४८ वाला पण. खिडकीतून सही घेऊन कागद हातात द्यायचा त्याऐवजी वर्गात नाहीतर व्हरांड्यात सगळ्यांना बसवा, एकेकाचं नाव घ्या, वर्गशिक्षकानं स्वतः हातात गुणपत्रिका द्यावी आणि दोन वाक्यं बोलावीत. मंडप नको, पाहुणे नकोत. मे-जूनचं ऊन आहे तर सकाळी साडेसातला सुरू करा, दहाला लेकरं घरी. जी नापास झालीत त्यांना पण त्याच दिवशी वेगळं बसवून, एकेकट्यानं, पुरवणी परीक्षेचं सांगा. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो, हे कितीतरी पालकांना माहितीच नसतं आणि पोरीचं शिक्षण तिथंच थांबवून लग्नाचं बघायला लागतात. पुरवणीला जून-जुलैत जी पास होतात त्यांना मी पुढच्या कार्यक्रमात हमखास बोलावते. त्यांच्यासाठी वाजलेल्या टाळ्या वेगळ्याच असतात, खरंच.

दुसरा कार्यक्रम १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला ध्वजवंदनाला गाव तसंही शाळेत येतं, मंडपाचा खर्च नाही, पालकांना वेगळा रोज बुडवावा लागत नाही. चालू वर्गातल्या लेकरांचं, मागच्या वर्षीच्या वहीतलं कौतुक तेव्हा करा. आणि खेळाचं २६ जानेवारीला, कारण तोवर तालुका, जिल्हा, विभागाच्या शालेय स्पर्धा बऱ्यापैकी उरकलेल्या असतात. तीन तुकडे केले की प्रत्येक कार्यक्रम तासाभरात बसतो. आणि तास म्हणजे तासच. मानव विकासच्या बसची वेळ बघून शेवट ठरवा. बस गेली की खेड्यावरच्या पोरी अडकतात, आणि पुढच्या वेळी घरचे पाठवत नाहीत.

मधल्या काळात परिपाठ आहेच. आठवड्यातून एक दिवस परिपाठात वहीतल्या दोन नोंदी वाचायच्या, पैसा लागत नाही, वेळ दोन मिनिटं. घडलं आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बोललं याचा जो परिणाम होतो तो दहा महिन्यांनी मिळालेल्या मोमेंटोचा होत नाही.

पाहुण्यांचं. संस्थाचालक, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य यांना टाळता येत नाही आणि टाळूही नका, शाळा गावावर चालते. पण त्यांचे सत्कार एकत्रच उरका, एकेकाला शाल, मग श्रीफळ, मग बुके असं करत बसलं की लेकरांची नावं येईपर्यंत पाऊण तास जातो. भाषण एकच, आणि ते शक्यतो शाळेच्याच माजी विद्यार्थ्याचं. मोठा अधिकारीच पाहिजे असं नाही, वायरमन झालेली मुलगी, नर्स झालेली, पोलीस भरती झालेला, शेतीत ठिबक करून चांगलं कमावणारा. लेकरांना ही माणसं ओळखीची असतात, त्यांचं घर माहिती असतं. खेळाबद्दल पालकांना पटवायचं असेल तर उदाहरणं आपल्याच मातीतली आहेत, धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसला रौप्य घेऊन आला आणि पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या दोघांचे दहावीचे टक्के आज कुणी विचारत नाही.

बक्षीस काय द्यायचं? ट्रॉफी कमी करा. प्लास्टिकची सोनेरी ट्रॉफी वर्षभरात फुटते नाहीतर पत्र्यावर जाते. त्या पैशात पळणाऱ्याला स्पाईक्स, चित्र काढणाऱ्याला चांगल्या कागदाचा ड्रॉइंग पॅड आणि रंग, खो-खोवाल्यांना नी-कॅप, वाचणाऱ्याला त्याला विचारून त्याच्या आवडीचं पुस्तक. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर, नीट छापलेलं, आणि त्यावर तीच दोन वाक्यं जी माईकवर वाचली. लोक ते फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावतात, मी घरोघरी पाहिलंय. आणि नाव दोनदा तपासा, वेलांटी-उकार चुकलेलं प्रमाणपत्र देण्यापेक्षा उशिरा दिलेलं बरं.

पैशाचं म्हणाल तर प्रत्येक जुन्या शाळेत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशा ठेवी बँकेत पडून असतात. गणितात पहिल्या येणाऱ्याला, संस्कृतला पहिल्या येणाऱ्याला. ठेव ठेवली तेव्हा ती रक्कम मोठी होती, आता व्याजात पेनाचा सेट पण येत नाही. त्या घरच्या लोकांकडं जा, नातवंडं पुण्या-मुंबईला असतात, त्यांना फोन करा, आजोबांच्या नावानं खो-खोच्या टीमचा वर्षाचा खर्च उचलता का किंवा दहा लेकरांची ड्रॉइंग परीक्षेची फी भरता का असं नेमकं विचारा. 'कार्यक्रमाला मदत करा' म्हणलं की पाचशे रुपये येतात, नेमकं काम सांगितलं की माणूस हात सैल सोडतो. दहावीच्या जुन्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात त्यांना पण असंच. पावती द्या, आणि नंतर त्या लेकरांचा फोटो आणि हिशोबाचा कागद पाठवा, पुढच्या वर्षी फोन करावा लागत नाही.

फोटो म्हणलं तर आणखी एक. खाजगी क्लासवाले शाळेच्या कार्यक्रमातला फोटो उचलून स्वतःच्या फ्लेक्सवर टाकतात, त्या लेकराला न विचारता, कधी कधी ज्यानं तो क्लास लावलाच नाही त्याचा पण. शाळेनं फोटो काढायच्या आधी पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, आणि पूर्ण नाव-गाव-टक्के असं सगळं एकत्र सोशल मीडियावर टाकू नये. पालकांना फोटो वैयक्तिक पाठवा, ते त्यांच्या स्टेटसला ठेवतील.

सत्काराच्या गडबडीत जे राहून जातं ते कागदाचं काम, आणि माझ्या दृष्टीनं लेकराचं खरं नुकसान तिथं होतं. ड्रॉइंगचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण आपोआप मिळत नाहीत, शाळेनं मुदतीत बोर्डाकडं प्रस्ताव पाठवावा लागतो, प्रमाणपत्रावरच्या नावात आणि शाळेच्या रजिस्टरमधल्या नावात फरक असला की प्रस्ताव अडतो. जिल्ह्याला खेळलेल्या पोराला ट्रॉफी दिली आणि प्रस्ताव पाठवायचा राहिला तर त्या ट्रॉफीचं काय करायचं? आठवीतल्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००, साडेतीन लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरासाठी ही मोठी रक्कम आहे. पण दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, बँक खातं आधारला जोडलेलं लागतं, दहावीला ६० टक्के लागतात, एससी-एसटीला पाच टक्के सूट, आणि दहावीनंतर विनाअनुदानित खाजगी ठिकाणी प्रवेश घेतला की ती बंद होते. हे सत्काराच्याच दिवशी त्या पालकांना शेजारी बसवून समजावून सांगा. इन्स्पायर मानक या केंद्राच्या विज्ञान योजनेला शाळेतून लेकरांच्या पाच कल्पना पाठवता येतात, निवड झाली की लेकराच्या खात्यात १०,००० रुपये येतात, पण खातं चालू नसलं की अडकतात. मी प्रत्येक सत्काराच्या यादीत शेवटचा एक कॉलम ठेवते, 'याचा कागद पूर्ण झाला का'. तो भरल्याशिवाय नाव वाचायला घेत नाही.

आता हेडसरांना कसं पटवायचं. वाद घालू नका. ते चुकीचं बोलत नाहीयेत, सरसकट बक्षिसाची त्यांना भीती आहे आणि ती रास्त आहे. तुम्ही यंदा फक्त वीस मिनिटं मागा. टॉपरचा सत्कार त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या, त्यानंतरची वीस मिनिटं तुमची. त्यासाठी पंधरा-सोळाच नावं काढा, जास्त नको, प्रत्येकाची दोन वाक्यं लिहून तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, सर, तुम्ही वाचून बघा, यातलं कोणतं नाव काढू? हेडमास्तर झालेला माणूस आधी वर्गशिक्षक असतो, त्याला त्या यादीत दोन-तीन लेकरं अशी दिसतील की ज्यांच्याबद्दल त्यालाही माहिती नव्हतं, आणि एखादं नाव तो स्वतःच वाढवेल. खर्चाचा कागद सोबत न्या, ट्रॉफी कमी करून खर्च मागच्या वर्षीइतकाच राहतोय हे आकड्यात दाखवा. आणि ती नावं वाचायचं काम हेडसरांनाच द्या, तुम्ही माईक घेऊ नका.